चांदी काळी पडली म्हणून खोटी ठरत नाही!

श्रावण तोंडावर आला होता. दुपारची जेवणं आटोपून मी जरा आडवी होणार, एवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. हातात रुमालाची पुरचुंडी. मागे त्यांची नवी सून, दाराशीच उभी. वहिनींनी पुरचुंडी माझ्यासमोर सोडली आणि म्हणाल्या, “ताई, तुम्हीच बघा हो. ही म्हणे चांदी!”

रुमालात पैंजणांचा जोड होता. चांगला भरीव, घुंगरांचा, नाजूक नक्षीचा. पण रंग मात्र कढईच्या बुडासारखा.

हळूहळू सगळी हकिगत कळली. वैशाखात लग्न झालं. सुनेचे वडील एस.टी.तून निवृत्त झालेले. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी लेकीला हौसेनं हे पैंजण घातले. आषाढात घरची सगळी मंडळी वज्रेश्वरीला गेली. देवीचं दर्शन झालं, मग अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान झालं. सून पैंजणांसकट पाण्यात उतरली. घरी येऊन बघतात, तर पैंजण काळेठिक्कर!

“माझा हा करंडा बघा,” वहिनींनी पिशवीतून दुसरी वस्तू काढली. “भिशीच्या वेळी मिळाला होता. अकरा वर्षं झाली, अजून लखलखीत आहे. याला म्हणतात चांदी! मंगळागौरीला विहीणबाई येतीलच. चार बायकांसमोर विचारणार आहे त्यांना.”

सून काहीच बोलली नाही. पण तिचे डोळे भरून आले होते, ते मला दिसलं. आईवडिलांची फजिती चार बायकांसमोर होणार, आणि तीही आपल्या पहिल्या मंगळागौरीच्या दिवशी! कुठल्या लेकीला ते सहन होईल?

मी म्हटलं, “वहिनी, मंगळागौरीला अजून आठ दिवस आहेत. त्यांतले दोन मला द्या. मग खुशाल विचारा.”

त्या दोन दिवसांत काय झालं, ते शेवटी सांगते. पण मैत्रिणींनो, त्यानिमित्तानं माझ्या एक लक्षात आलं. चांदी आपल्या प्रत्येकीच्या घरात असते. पायांत जोडवी असतात, देवघरात निरांजन असतं, बाळाच्या पायांत वाळे असतात. पण ती काळी का पडते, खरी-खोटी कशी ओळखावी आणि घासावी कशी, हे मात्र आपण ऐकीव गोष्टींवर सोडून देतो. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला हे बघवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

काळेपणा येतो कुठून?

लोखंड गंजतं ते हवेतल्या प्राणवायूमुळे आणि ओलाव्यामुळे. चांदीचं तसं नाही. आपल्या घरातल्या हवेत प्राणवायू चांदीला गंजवत नाही. चांदीचा खरा वैरी गंधक. हवेत गंधकयुक्त वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, कोळशाच्या धुरातून, गाड्या-कारखान्यांच्या धुरातून ते येतात. हा गंधक चांदीच्या अंगाला चिकटला की त्याचा आणि चांदीचा मिळून एक पातळ थर होतो. तो आधी पिवळसर दिसतो, मग तपकिरी आणि शेवटी निळसर काळा.

आता वज्रेश्वरीची गोष्ट उलगडली ना? आपल्याकडच्या अनेक गरम झऱ्यांच्या पाण्यात गंधक असतो. कुंडाजवळ जाताच जो एक उग्र, सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्याचाच. अशा पाण्यात चांदी बुडवल्यावर ती काळी पडली नाही, तरच आश्चर्य. घरात जे व्हायला वर्ष लागलं असतं, ते कुंडात एका स्नानात झालं, इतकंच.

स्वयंपाकघरातही गंधकाचा वास आहेच. अंड्यात आहे, कांद्या-लसणात आहे, मोहरीत आहे. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्यानं खाऊन पाहा, चमचा काळवंडतो. रबरात गंधक असतो, लोकरीत असतो. म्हणून दागिन्याला रबरबँड गुंडाळून ठेवला की बरोबर त्या जागी काळा पट्टा उमटतो. खरजेवर वापरतात ते गंधकाचं मलम किंवा गंधकाचा साबण लावला, तरी अंगावरची चांदी काळी होते.

यातून दोन समजुती निकालात निघतात.

पहिली, ‘काळी पडली म्हणजे खोटी.’ अगदी शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते. तांबं मिसळलेली जरा लवकर पडते. उलट ज्यात चांदीचा कणही नाही, अशा काही पांढऱ्या धातूंवर हा काळा थर धरतच नाही. तेव्हा काळेपणावरून खरं-खोटं ठरवणं म्हणजे सावळ्या रंगावरून मुलीचे गुण ठरवण्यासारखं आहे.

दुसरी समजूत अशी, की ज्या बाईच्या अंगावर चांदी काळी पडते, तिच्या ‘अंगात उष्णता’ आहे किंवा तिला दृष्ट लागली आहे. एकीचा घाम वेगळा, दुसरीचा वेगळा. एक दिवसभर ओट्याशी कांदे चिरते, दुसरी कचेरीत पंख्याखाली बसते. एक रोज पैंजण घालते, दुसरी कपाटात ठेवते. फरक पडायचाच. त्यात आजारही नाही आणि अपशकुनही नाही.

आणि एक गंमत ध्यानात ठेवा. रोज अंगावर असलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ राहते. कपड्यांशी, कातडीशी सतत घासली जाते ना, म्हणून थर साचायला सवडच मिळत नाही.

टंच म्हणजे काय?

निव्वळ शुद्ध चांदी फार मऊ. तिचे पैंजण केले तर चार दिवसांत वाकतील, कड्या उघडतील. म्हणून तिच्यात दुसरा धातू मिसळतात, बहुधा तांबं. किती चांदी आणि किती भर, हे सांगणारा सराफी शब्द म्हणजे ‘टंच’. ऐंशी टंच म्हणजे शंभर ग्रॅम डागात ऐंशी ग्रॅम चांदी. ‘९२५’ असा आकडा दिसला की हजारात नऊशे पंचवीस भाग, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी समजावी. यालाच बाजारात ‘स्टर्लिंग’ म्हणतात.

पैंजणांत आणखी एक भानगड असते. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या कामासाठी, विशेषतः पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. हे काम म्हणजे नुसतं ओतकाम नव्हे. चांदी वितळवायची, तिची तार ओढायची, तारेच्या कड्या करायच्या, कडीत कडी गुंतवायची, प्रत्येक सांधा झाळायचा, घुंगरू बसवायचे, मग उजळवायचं. आता सांधा जोडायला जी झाळ लावतात, ती मूळ चांदीच्या आधी वितळायला हवी. नाहीतर सांधता सांधता कडीच वितळायची! म्हणून त्या झाळेत तांबं-जस्त जास्त असतं. जितके सांधे अधिक, तितका सगळ्या डागाचा मिळून टंच किंचित खाली येतो. यात फसवणूक नाही, घडणीची गरज आहे. फसवणूक कधी? साठ टंचाची वस्तू ऐंशीच्या भावानं गळ्यात मारली तर.

आता ‘जर्मन’ शब्दाचा घोळ. आपल्याकडे जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. जर्मन सिल्व्हर ही निराळीच चीज, तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. नावात सिल्व्हर असलं तरी दोहोंतही चांदी औषधालासुद्धा नसते. वस्तू वाईट नव्हे, दिसायला छान आणि टिकाऊ. पण ती जर्मन सिल्व्हर म्हणून, त्याच किमतीला घ्यावी. निकेलमुळे कित्येकींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. ‘चांदी मला सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी आपली ‘चांदी’ एकदा तपासून घ्यावी. दोष निकेलचा असण्याची शक्यता पुष्कळ.

तिसरा प्रकार, चांदीचं पाणी दिलेल्या वस्तूंचा. आत पितळ किंवा तांबं, वर चांदीचा पातळ मुलामा. वारंवार घासलं की कडेनं पिवळं-तांबूस दिसू लागतं.

घेताना काय पाहावं?

२०२५ साली चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या पुढे गेला. तेव्हा ‘चांदीच तर आहे, त्यात काय बघायचं’ ही जुनी बेफिकिरी आता परवडणारी नाही.

भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू झाला. सोन्याला तो १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी देण्याची पद्धत आली, पण ती ऐच्छिक ठेवली गेली. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलच्या ॲपवर घातला की त्या वस्तूची नोंद दिसते. शिक्क्यात शुद्धतेचा आकडाही असतो, जसं की ८००, ९२५, ९९०. शिक्का बारीक असतो. सराफाकडे भिंग मागा, लाजू नका. पैसे आपले आहेत.

शिक्का नसेल तर बिलावर चार गोष्टी सुट्या सुट्या लिहून घ्या: वजन किती, टंच किती, त्या दिवसाचा भाव काय आणि मजुरी किती. शिवाय पुढे हीच वस्तू मोडायला आणली तर कोणत्या टंचानं घेणार, हेही तेव्हाच विचारा. मजुरी मोडीत मिळत नाही, हे धरूनच चाला. आणि बिल जपून ठेवा. वजनावर डोळा ठेवून वस्तू घेणाऱ्या कितीतरी बायका बिल मात्र भाजीच्या पिशवीत टाकून देतात!

घरच्या घरी परीक्षा? लोहचुंबकाला वस्तू चिकटली तर ती चांदी नव्हे, हे नक्की. पण चिकटली नाही म्हणून चांदी ठरत नाही. तांबं, पितळ हीही चुंबकाला चिकटत नाहीत. मोठ्या सराफांकडे टंच पाहायचं यंत्र असतं. ते दागिन्यावर किरण सोडून कोणता धातू किती ते दाखवतं. मात्र ते वरवरच्या थरातलंच सांगतं. जाड मुलामा दिलेली वस्तू त्याला चकवू शकते. सगळ्यांत भरवशाची ती हॉलमार्किंग केंद्रातली तपासणी.

घासण्याआधी थांबा!

आता मी माझ्याच हातून झालेली चूक सांगते. आमच्या माहेरी देवघरात चांदीचे टाक होते. त्यांत एक खंडोबाचा. घोड्यावर बसलेला देव, हातात तलवार. आजी सांगायची, की हा टाक तिच्या सासूबाईंनी घडवून घेतलेला. दर दिवाळीला देव उजळायचं काम माझ्याकडे असे. मी काय करायची, राख आणि चिंच घ्यायची आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासायची. टाक लखलखले की आजी कौतुक करायची. अशा दहा-बारा दिवाळ्या गेल्या. एका वर्षी बघते, तर घोड्याचं तोंड गेलेलं. पुढे तलवार गेली. आज भावाच्या देवघरात तो टाक आहे, पण खंडोबा नुसता एक उंचवटा होऊन राहिला आहे. तो मी घासून पुसून टाकला, चांगल्या भावनेनं!

चांदी नखापेक्षा थोडीच कठीण. राख, रांगोळी, भांडी घासायची पूड, तारेची घासणी, यांतलं सगळं तिला ओरखडे पाडतं. टूथपेस्टही त्यातलीच. दातांचं कवच चांदीहून पुष्कळ कठीण असतं. दाताला जे सोसतं, ते चांदीला सोसत नाही. काळा थर हा चांदीचाच बनलेला असतो, हे विसरू नका. तो खरवडून काढला की त्यातली चांदीही मोरीत गेली.

चिंच-लिंबू हे तांब्या-पितळेचे सोबती. तिथे आंबटपणा उत्तम काम करतो. चांदीवरचा काळा थर मात्र चिंचेला दाद देत नाही. जे उजळतं ते चिंचेनं नव्हे, घासण्यानं. आणि लिंबाबरोबर मीठ? मीठ चांदीचं दुसरं वैरी. चांदीच्या वाटीत मीठ राहिलं तर ती खाल्ली जाते, बारीक खड्डे पडतात.

सराफाकडे उजळायला देताना वजन करून द्या आणि वजन करून घ्या. तिथे पुष्कळदा तेजाबाच्या पाण्यात बुडवून तारेच्या ब्रशनं उजळतात. डाग नव्यासारखा होतो खरा, पण दर खेपेला थोडी चांदी जातेच. सराफ बाजारातली धूळ आणि राख धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या धुळीवर माणसांची पोटं भरत होती. यावरून घासण्यात किती जातं त्याचा अंदाज करा.

उजळायची सोपी रीत

पहिली पायरी नेहमी साधी असावी. निम्म्याहून जास्त वेळा तो काळेपणा नसतोच, नुसता मळ असतो. तेल, साबण, हळदकुंकू, धूळ. कोमट पाण्यात रिठे भिजवून त्याचा फेस करा, किंवा भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब घ्या. डाग दहा मिनिटं भिजत ठेवा. लहान मुलाच्या मऊ दातब्रशनं हलके चोळा. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा, मऊ फडक्यानं टिपा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

एवढ्यानं काळेपणा गेला नाही, तर ही रीत करा.

साहित्य: एक काचेचं किंवा चिनी मातीचं खोलगट भांडं, पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियमचा कागद, एक लिटर कडकडीत गरम पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा.

कृती: भांड्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा कागद पसरा, चकचकीत बाजू वर ठेवा. त्यावर चांदीचे डाग असे मांडा की प्रत्येक डाग कागदाला टेकला पाहिजे. सोडा भुरभुरवा. मग गरम पाणी बेतानं ओता. सोडा फसफसतो, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका. पाच मिनिटं थांबा. मधे लाकडी चमच्यानं डाग उलटा. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येईल. घाबरू नका, तो चांदीला सोडून चाललेला गंधक आहे! खिडकी मात्र उघडी ठेवा. काळेपणा फार असेल, तर नवा कागद आणि नवं पाणी घेऊन पुन्हा एकदा करा. शेवटी स्वच्छ पाण्यानं धुऊन, टिपून, जुन्या मलमलीनं पुसा.

यातली खुबी अशी, की इथे आपण काही खरवडत नाही. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम स्वतः झिजतं आणि चांदीला चिकटलेला गंधक सोडवतं. चांदी होती तिथेच राहते. म्हणून कागद काळा-करडा होतो आणि डाग उजळतो. जुनं जर्मनचं पातेलं वापरलं तरी हेच होतं, पण ते मग स्वयंपाकाला घेऊ नका. पैंजणांच्या घुंगरांत पाणी अडकून राहतं. ते हलवून काढा आणि उन्हाच्या कवडशात वाळवा.

एक लक्षात ठेवा. फार जुना थर गेल्यावर चांदी कधीकधी मंद, दुधाळ दिसते. ती बिघडली असं नाही. मऊ फडक्यानं थोडी चोळली की झळाळी येते.

हे मात्र बुडवू नका

मोती, पोवळी, फिरोजा जडवलेले डाग सोड्याच्या गरम पाण्यात घालू नका. मोत्याचं पाणी जातं ते असंच. चिकटवलेले खडे सुटतात. अशा डागांना फक्त ओलसर फडकं आणि मग कोरडं.

‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जे काळपट, जुनाट दिसणारे दागिने मिळतात, त्यांच्या खाचांतला काळेपणा कारागिरानं मुद्दाम गंधकाचाच संस्कार करून आणलेला असतो. नक्षी त्यामुळेच उठून दिसते. तो दागिना सोड्यात बुडवलात, तर हौसेचं मोल पाण्यात!

हल्ली ‘९२५’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक साखळ्या-अंगठ्यांवर ऱ्होडियम नावाच्या धातूचा पातळ मुलामा असतो. त्या काळ्या पडत नाहीत. त्यांना घासूच नये. साबणाचं पाणी पुरे.

आणि देवांचे टाक, जुनी नक्षी, नाव कोरलेली भांडी यांना फक्त धुणं आणि पुसणं. पंचामृताचं स्नान झालं की देव लगेच पाण्यानं धुवावेत. दह्याचा आंबटपणा आणि कुंकू रात्रभर अंगावर राहू देऊ नये.

ठेवायची कशी?

वर्तमानपत्रात नको, लोकरीच्या शालीत नको, रबरबँड तर नकोच नको. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे करा. प्रत्येक डाग वेगळ्या तुकड्यात गुंडाळा, म्हणजे एकमेकांवर घासून ओरखडे पडणार नाहीत. मग तो प्लास्टिकच्या घट्ट मिटणाऱ्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि बंद करा. गंधक येतो हवेतून. हवा नाही तर काळेपणा नाही, इतका साधा हिशेब! पिशवीत खडूचा एखादा तुकडा किंवा औषधाच्या बाटलीत येते ती ओलावा शोषणारी पुडी टाकावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, याचा फार उपयोग होतो. डाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय मात्र पिशवी मिटू नका.

गरम झऱ्याला जाताना, पोहण्याच्या तलावात उतरताना, केसांना रंग लावताना चांदी काढून ठेवा. बाहेर जाताना अत्तर-पावडर आधी, दागिना नंतर.

पायांतली आणि बाळाची चांदी

कमरेखाली सोनं घालू नये, ही आपली रीत. म्हणून पायांत चांदीच. जोडवी, विरोद्या, मासोळ्या एकदा घातल्या की वर्षानुवर्षं निघत नाहीत. पण जोडव्याखाली साबण आणि ओल साचते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आठवड्यातून एकदा ती काढून धुवा, बोटं कोरडी करा, पुन्हा घाला. सौभाग्याला त्यानं काही बाधा येत नाही. गरोदरपणात पायांना सूज येते. तेव्हा जोडवी रुतण्याआधीच काढून ठेवावीत. बोट सुजून निळं पडल्यावर कापून काढायची वेळ येऊ नये.

बाळाचे वाळे, मनगट्या, करदोटा घालताना सांध्याला बोट लावून बघा. टोचणारी तार नको. घुंगरू हलका ओढून पाहा. सैल असेल तर वाळा घालूच नका. बाळाची प्रत्येक वस्तू तोंडात जाते आणि सुटलेला घुंगरू घशात अडकायला वेळ लागत नाही. बाळ वाढतं, वाळा वाढत नाही. महिन्या-पंधरा दिवसांनी सैल-घट्ट बघत जा.

पुढे काय झालं?

हं, तर त्या पैंजणांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना आणि त्यांच्या सुनेला घरी बोलावलं. काचेचं भांडं, कागद, सोडा, सगळं मांडलं. “सोडा तू घाल गं,” मी सुनेला म्हटलं. तिनं सोडा घातला, मी पाणी ओतलं. फसफस झाली, वास आला. वहिनींनी पदर नाकाला लावला. पाच मिनिटांनी नक्षीतली पानं दिसू लागली. दुसऱ्या पाण्यानंतर पैंजण पांढरे झाले.

“उजळले खरे,” वहिनी म्हणाल्या, “पण खरे आहेत हे कशावरून?” प्रश्न बिनतोड होता. उजळले म्हणजे चांदी आहे हे कळलं. किती आहे ते कुठे कळलं?

मग आम्ही तिघी यंत्र असलेल्या एका सराफाकडे गेलो. जाताना रिक्षात मी वहिनींना एवढंच म्हटलं, “समजा, चांदी कमी निघाली, तरी फसवलं गेलं ते तिच्या वडिलांना. फसवणारा वेगळाच. हे आधी मनाशी धरा.”

सुनेच्या मोबाइलमध्ये बिलाचा फोटो होता. वडिलांनी पाठवून ठेवलेला. बिलावर ऐंशी टंच. यंत्रानं दोन-तीन ठिकाणी पाहून सांगितलं, एकोणऐंशीच्या वरच. सराफ म्हणाले, “सांध्यांना झाळ असते हो. एवढा फरक धरायचाच. माल सचोटीचा आहे.”

सुनेनं एक मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सोडला असावा.

निघताना वहिनींनी करंडाही पुढे केला. “आता आलोच आहोत, तर हाही बघा.” यंत्रात आकडे उमटले, तांबं, जस्त, निकेल. चांदीच्या रकान्यात काहीच नाही. सराफांनी तो मुकाट्यानं परत केला. वहिनींनी तो पिशवीत अगदी तळाशी ठेवला. परतीच्या वाटेवर कुणी काही बोललं नाही.

मंगळागौरीला विहीणबाई आल्या. रात्री खेळ रंगले. पिंगा झाला, फुगडी झाली, आणि पैंजण असे वाजत होते की बस! वहिनींनी सुनेची माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या मोठ्या बायका तशी मागत नाहीत. पण फराळाला सगळ्या बसल्या, तेव्हा त्या चार बायकांसमोर म्हणाल्या, “आमच्या सुनेचे पैंजण बघितलेत का? तिच्या वडिलांनी घातलेत.” आणि मग माझ्याकडे बघून, जरा हळू आवाजात, “ऐंशी टंच आहेत.”

तो करंडा? तोही होताच की समोर, हळदीकुंकवाच्या तबकात, तितकाच लखलखीत. कुंकवाला काय, कोणताही करंडा चालतो.